आधी चार बंध मोजा
हायड्रोकार्बनचा धडा न घोकता समजून घेण्यासाठी

दहावीला कार्बनी संयुगांचा धडा सुरू झाला की बऱ्याच वह्यांमध्ये एक लांबलचक तक्ता दिसू लागतो. एका रकान्यात मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन अशी नावे, दुसऱ्यात रेणुसूत्रे, तिसऱ्यात उत्कलनांक. मुले तो तक्ता घोकतात, परीक्षेत उतरवतात आणि सुट्टी संपेपर्यंत विसरून जातात. अकरावीला सेंद्रिय रसायनशास्त्र समोर आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही मेहनत वाचवता येते. हायड्रोकार्बन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांची संयुगे. त्यांत कार्बनचा प्रत्येक अणू चार बंध करतो आणि हायड्रोजनचा प्रत्येक अणू एक. एवढी एक गोष्ट घट्ट धरली तर रेणुसूत्र, समघटक, नाव आणि बऱ्याचशा अभिक्रिया कागदावर मोजून काढता येतात. हा धडा पाठांतराचा नाही, मोजणीचा आहे. ती मोजणी कशी करायची ते पायरीपायरीने पाहू. वाचताना पेन्सिल हातात असू द्या.

चार बंध कशामुळे?

कार्बनचा अणुअंक ६, म्हणून इलेक्ट्रॉन संरूपण २, ४. बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन आहेत आणि अष्टक पूर्ण व्हायला आणखी चार हवेत. असलेले चारही देऊन टाकायचे तर फार ऊर्जा लागते. नवे चार घ्यायचे तर केंद्रकातल्या सहा प्रोटॉनांना दहा इलेक्ट्रॉन सांभाळावे लागतात, तेही जमत नाही. म्हणून कार्बन इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो. भागीदारीतली प्रत्येक जोडी म्हणजे एक सहसंयुज बंध. चार इलेक्ट्रॉनांची गरज चार बंधांनी भागते.

भागीदार हायड्रोजन असू शकतो, तसा दुसरा कार्बनही असू शकतो. कार्बन-कार्बन बंध प्रबळ असतो. त्यामुळे एकाला एक जोडत कार्बनच्या लांब साखळ्या, फांद्या आणि वलये तयार होतात. पाठ्यपुस्तकात याच गुणाला मालिकाबंधन शक्ती म्हटले आहे.

जर्मनीचे ऑगस्ट केकुले आणि स्कॉटलंडचे आर्चिबाल्ड कूपर यांनी १८५८ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे हीच दोन सूत्रे मांडली: कार्बनची संयुजा चार आहे आणि कार्बनचे अणू एकमेकांना जोडले जातात. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. म्हणजे ठिपके काढून अष्टक दाखवण्याची सोय त्यांच्याजवळ नव्हती. कोणत्या संयुगात कार्बनच्या वाट्याला किती अणू येतात, याची मोजदाद करत करतच रसायनशास्त्रज्ञ इथवर पोचले. तीच वाट आज तुम्हालाही उपयोगी पडेल.

वाटाणे आणि टूथपिक घ्या

फळ्यावरचा रेणू सपाट असतो, खरा रेणू सपाट नसतो. हे डोळ्यांना पटल्याशिवाय पुढचे नीट कळत नाही, म्हणून प्रतिकृती स्वतः करा. महागड्या संचाची गरज नाही. मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसोबत काम केलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून कितीतरी आकार करून दाखवले आहेत. आपल्याला रात्रभर भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक पुरे.

वाटाणा म्हणजे कार्बन आणि टूथपिक म्हणजे बंध. टूथपिकचे मोकळे टोक म्हणजे हायड्रोजन. आता एका वाटाण्यात चार टूथपिक अशा खोचा की प्रत्येक काडी बाकीच्या तिघींपासून जास्तीत जास्त लांब राहील. आधी तुम्ही अधिकच्या चिन्हासारख्या खोचाल, तेव्हा शेजारच्या दोन काड्यांत ९० अंशांचा कोन होईल. मग दोन काड्या थोड्या वर आणि दोन खाली वळवत जा. शेवटी वाटाणा टेबलावर तीन पायांवर उभा राहील आणि चौथी काडी सरळ वर जाईल. काड्यांमधला कोन आता सुमारे १०९.५ अंश आहे. हा मिथेनचा रेणू. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना दूर लोटतात, म्हणून हा आकार.

आता चार वाटाणे ओळीने जोडा आणि प्रत्येकाच्या चार काड्या पुऱ्या करा. हा ब्युटेन. मधला बंध धरून एक बाजू फिरवा. साखळी कधी नागमोडी दिसेल, कधी इंग्रजी यू अक्षरासारखी वळेल. एकही काडी मोडली नाही, म्हणजे पदार्थही बदलला नाही. नंतर दोन वाटाणे दोन टूथपिकांनी जोडून फिरवायचा प्रयत्न करा. फिरत नाहीत. एकेरी बंधाभोवती रेणूचा भाग फिरू शकतो, दुहेरी बंधाभोवती फिरत नाही. दहावीला एवढे पुरे. पुढच्या वर्गांत याच फरकातून एक अख्खे प्रकरण निघते.

सूत्र पाठ करू नका, काढा

सरळ साखळीतल्या मधल्या कार्बनकडे पाहा. त्याचे दोन बंध दोन शेजाऱ्यांत गुंतलेले आहेत, उरलेले दोन हायड्रोजनला मिळतात. टोकाच्या कार्बनला शेजारी एकच, म्हणून त्याच्याकडे एक हायड्रोजन जास्त. टोके दोन, म्हणून जास्तीचे हायड्रोजन दोन. यातूनच अल्केनचा नियम निघतो: हायड्रोजनची संख्या म्हणजे कार्बनच्या संख्येची दुप्पट अधिक दोन. आठ कार्बनच्या ऑक्टेनमध्ये १८ हायड्रोजन, दहा कार्बनच्या डेकेनमध्ये २२. साखळीला फांदी फुटली तरी हिशेब तोच राहतो. फांदीमुळे एक टोक वाढते, पण जिथून फांदी फुटली त्या कार्बनचा एक हायड्रोजन कमी होतो.

दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध आला की दोघांचा एकेक हायड्रोजन जातो, म्हणजे एकूण दोन कमी. हे अल्कीन, त्यात हायड्रोजन कार्बनच्या बरोबर दुप्पट. तिहेरी बंधाने चार कमी होतात, ते अल्काइन. साखळीची दोन टोके जोडून वलय केले तरी दोन हायड्रोजन कमी होतात, हे मात्र अनेक जण विसरतात.

म्हणून अनोळखी रेणुसूत्र दिसले की तीन गोष्टी करा. तेवढ्या कार्बनच्या अल्केनमध्ये किती हायड्रोजन असतात ते काढा. प्रत्यक्षात किती कमी आहेत ते पाहा. त्या कमतरतेला दोनने भागा. येणारी संख्या म्हणजे दुहेरी बंध आणि वलये मिळून किती. तिहेरी बंध दोन धरायचा.

बेंझीनवर ही रीत वापरून बघा. मायकेल फॅरेडे यांनी १८२५ मध्ये वेगळ्या केलेल्या या द्रवाच्या रेणूत सहा कार्बन आणि सहाच हायड्रोजन आहेत. सहा कार्बनच्या हेक्सेनमध्ये १४ हायड्रोजन असतात. आठ कमी, म्हणजे उत्तर चार. केकुले यांनी १८६५ मध्ये मांडलेल्या रचनेत बरोबर चारच गोष्टी आहेत: सहा कार्बनचे एक वलय आणि त्यात एकाआड एक असे तीन दुहेरी बंध. हे दुहेरी बंध एका जागी बांधलेले नसून त्यांचे इलेक्ट्रॉन साऱ्या वलयावर पसरलेले असतात, हे नंतर उलगडले. मोजणी मात्र तेव्हाही बरोबर होती आणि आजही आहे.

समजातीय श्रेणीही अशीच समजते. साखळीत एक कार्बन वाढला की दोन हायड्रोजन वाढतात, म्हणजे रेणुवस्तुमानात १२ अधिक २ अशी १४ ची भर पडते. रेणू मोठा होत जातो तसे रेणूंमधले आकर्षण वाढते आणि उत्कलनांक चढत जातो. मिथेनचा उत्कलनांक उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रोपेनचा उणे ४२, ब्युटेनचा शून्याच्या किंचित खाली आणि पेंटेनचा ३६. आकडे पाठ नसले तरी चालेल. पहिली चार अल्केन खोलीच्या तापमानाला वायू आणि पेंटेनपासून पुढची अनेक द्रव का, ते सांगता आले पाहिजे.

समघटक: रचना किती, आणि एकच रचना किती वेळा?

रेणुसूत्र तेच, पण अणूंची जोडणी वेगळी, तर ती रचना समघटकता. इथे गुण जातात ते दोन कारणांनी. एखादी रचना राहून जाते, किंवा एकच रचना दोनदा लिहिली जाते. दोन्ही टाळायचे तर शिस्तीने उतरत या.

पेंटेन घ्या. आधी पाचही कार्बन एका ओळीत मांडा. ही पहिली रचना. मग ओळ चारची करा आणि उरलेला कार्बन फांदी म्हणून लावा. टोकाला लावला तर पुन्हा पाचचीच ओळ होते, म्हणून टोक वर्ज्य. डावीकडून दुसऱ्या कार्बनला लावा, ही दुसरी रचना. तिसऱ्याला लावला तर? कागद उलटा फिरवून पाहा, तो उजवीकडून दुसरा आहे. म्हणजे रचना तीच. आता ओळ तीनची करा आणि उरलेले दोन्ही कार्बन मधल्या कार्बनला लावा. ही तिसरी. मधल्या कार्बनचे चारही बंध कार्बनशीच झाले, त्याला हायड्रोजनच उरला नाही. ओळ यापेक्षा लहान होत नाही, म्हणून पेंटेनचे समघटक तीनच. शेवटी प्रत्येक रचनेतले हायड्रोजन मोजा. तिन्हीकडे बारा आले पाहिजेत.

हे तीन खरोखर वेगवेगळे पदार्थ आहेत. सरळ साखळीचा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, एका फांदीचा २८ च्या आसपास आणि दोन फांद्यांचा ९.५ अंशांना. फांद्यांमुळे रेणू आटोपशीर होतो, शेजारच्या रेणूशी त्याचा स्पर्श कमी होतो आणि आकर्षणही घटते. हेक्सेनचे समघटक पाच, हेप्टेनचे नऊ, डेकेनचे ७५. कार्बनी संयुगांची संख्या एवढी प्रचंड का, याचे एक मोठे कारण इथे दिसते.

नाव देण्याची रीत

आययूपीएसी नामकरणाचे दहावीपुरते नियम चार पायऱ्यांत बसतात.

१. सर्वांत लांब अखंड साखळी शोधा. दुहेरी किंवा तिहेरी बंध असेल तर तो त्या साखळीत आला पाहिजे.
२. साखळीला क्रमांक द्या. दुहेरी किंवा तिहेरी बंध असेल तर त्याला लहानात लहान क्रमांक मिळावा. तो नसेल तर फांदीला.
३. फांदीचे नाव आणि क्रमांक पुढे लिहा: एका कार्बनची मिथाइल, दोन कार्बनची इथाइल.
४. शेवटी एन, ईन किंवा आइन यांपैकी योग्य प्रत्यय लावा.

चूक होते ती पहिल्या पायरीवर. डोळा कागदावरच्या आडव्या ओळीकडे जातो, पण लांब साखळी वळूनही जाऊ शकते. "२-इथाइलप्रोपेन" हे नाव तपासा. तीन कार्बनची ओळ काढा आणि मधल्या कार्बनवर दोन कार्बनची फांदी लावा. आता फांदीच्या टोकापासून बोट ठेवत निघा: फांदीचे दोन, मधला एक आणि शेजारचा एक असे चार झाले. म्हणजे मुख्य साखळी चारची आहे आणि फांदी एका कार्बनची. खरे नाव २-मिथाइलब्युटेन. तसेच "१-मिथाइलब्युटेन" म्हणजे साधा पेंटेन आणि "२-इथाइलब्युटेन" म्हणजे ३-मिथाइलपेंटेन. ही तीन चुकीची नावे वहीत काढून स्वतः दुरुस्त करा. नियम पाठ केल्याने जे होत नाही, ते या एका सरावाने होईल.

"मिथीन" नावाचे अल्कीन का नाही, असा प्रश्न तोंडी परीक्षेत येतो. कार्बन-कार्बन दुहेरी बंधाला कार्बन दोन लागतात, म्हणून अल्कीन श्रेणी इथीनपासून सुरू होते.

अभिक्रियाही मोजून

ज्वलन: हायड्रोकार्बन पूर्ण जळाला की कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी. समीकरण संतुलित करायचा क्रम ठरवून टाका: आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी. ब्युटेनच्या एका रेणूत चार कार्बन, म्हणून चार कार्बन डायऑक्साइड. दहा हायड्रोजन, म्हणून पाण्याचे पाच रेणू. ऑक्सिजनचे अणू लागले आठ अधिक पाच, म्हणजे तेरा, रेणू साडेसहा. अपूर्णांक नको म्हणून सगळे दुप्पट करा: ब्युटेनचे दोन, ऑक्सिजनचे तेरा, कार्बन डायऑक्साइडचे आठ आणि पाण्याचे दहा.

ऑक्सिजन अपुरा पडला की ज्वलन अपूर्ण राहते. ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. कार्बनचे प्रमाण जितके जास्त तितकी काजळीची शक्यता जास्त. मिथेनमध्ये वस्तुमानाने ७५ टक्के कार्बन असतो, नॅफ्थलीनमध्ये जवळजवळ ९४ टक्के. म्हणून नॅफ्थलीन काळा धूर सोडत जळते. हा प्रयोग घरी करू नका, शाळेत शिक्षकांसमोरच पाहा. स्वयंपाकघरातल्या गॅसची ज्योत पिवळी पडून भांड्याचे बूड काळे होऊ लागले, तर बर्नर साफ करून घ्यायला हवा, हेही याच समीकरणातून कळते.

समावेशन: असंपृक्त रेणूत दुहेरी किंवा तिहेरी बंध उघडतो आणि नवे अणू आत सामावले जातात, बाहेर काही पडत नाही. निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने इथीनला हायड्रोजन दिला की इथेन मिळतो. वनस्पती तेलापासून वनस्पती तूप करताना हेच घडते. तेल स्वतः हायड्रोकार्बन नाही, त्यात ऑक्सिजनही असतो. पण त्याच्या लांब साखळ्यांतले दुहेरी बंध याच नियमाने वागतात. म्हणून तेलात टिंक्चर आयोडीनचा रंग फिका होतो आणि वनस्पती तुपात तसा होत नाही.

प्रतियोजन: संपृक्त, म्हणजे फक्त एकेरी बंध असलेल्या रेणूत रिकामी जागा नसते. नवा अणू यायचा तर जुन्याने जागा सोडायला हवी. सूर्यप्रकाशात मिथेन आणि क्लोरीनची अभिक्रिया झाली की एकेक हायड्रोजन जाऊन त्याच्या जागी क्लोरीन येतो आणि दर वेळी हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. हायड्रोजन चार, म्हणून उत्पादितेही चार.

हा धडा घरात आणि गावात

घरगुती सिलिंडरमधल्या एलपीजीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये आणि सीएनजीत मुख्यतः मिथेन. रेणुवस्तुमाने काढा: मिथेन १६, प्रोपेन ४४, ब्युटेन ५८. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान सुमारे २९. म्हणजे गळती झाली तर मिथेन वर छताकडे जातो आणि एलपीजी जमिनीलगत साचतो. एलपीजीचा वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही आणि १९०६ या मदत क्रमांकावर बाहेर जाऊन फोन करायचा. मुळात या वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून गंधकयुक्त मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते.

मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल लागले आणि बॉम्बे हाय हे नाव सगळ्यांना माहीत झाले. तिथला वायू उरणला आणून त्यातले घटक वेगळे केले जातात. नागोठण्याच्या कारखान्यात इथेन आणि प्रोपेनपासून इथीन तयार करतात आणि इथीनपासून पॉलिथीन. इथीनचा दुहेरी बंध उघडून हजारो रेणू एकमेकांना जोडले गेले की पॉलिथीनची साखळी होते. समावेशनाचाच हा मोठा आविष्कार.

कोकणात आंब्याची आढी घालतात, त्यातही इथीन आहे. पिकू लागलेला आंबा स्वतःच इथीन सोडतो. पेंढ्यात तो वायू फळांभोवती कोंडून राहतो आणि बाकीची फळे पिकायला मदत होते. आधुनिक रायपनिंग चेंबरमध्ये इथीनच सोडतात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत चालते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवायला मात्र बंदी आहे. कार्बाइड पाण्याच्या संपर्कात आले की इथाइन, म्हणजे वेल्डिंगला वापरतात तो ॲसिटिलीन वायू, सुटतो आणि कार्बाइडमधल्या अशुद्धींमुळे आर्सेनिक व फॉस्फरसची घातक संयुगे फळाला लागू शकतात. दोन्ही वायूंत कार्बन दोनच, फरक एका बंधाचा.

अभ्यास कसा लावाल?

पहिल्या बैठकीत मिथेन ते ब्युटेन, इथीन, इथाइन आणि सायक्लोहेक्सेन यांच्या प्रतिकृती करा आणि प्रत्येकीचे रचनासूत्र काढा. दुसरीत पहिल्या दहा अल्केनची रेणुसूत्रे नियमाने काढा. तिसरीत ब्युटेन, पेंटेन आणि हेक्सेनचे समघटक उतरत्या साखळीने मांडून प्रत्येकाला नाव द्या. चौथीत पाच हायड्रोकार्बनच्या ज्वलनाची समीकरणे संतुलित करा. पुस्तकातला धडा त्यानंतर सलग वाचा. व्याख्या तेव्हा आपोआप जागेवर बसतील.

परीक्षेत रचनासूत्र लिहून झाले की प्रत्येक कार्बनवर पेन्सिल ठेवून बंध मोजा. पाच आले किंवा तीन आले तर चूक तिथेच सापडली. दुहेरी बंध दोन मोजायचा, तिहेरी तीन.

आता स्वतःला तपासा. पहिला प्रश्न: सात कार्बन आणि सोळा हायड्रोजन, संयुग संपृक्त की असंपृक्त? दुसरा: चार कार्बन आणि आठ हायड्रोजनच्या किती वेगळ्या जोडण्या होतात? तिसरा: "ब्युट-३-ईन" या नावात काय चुकले? चौथा: प्रोपीनच्या पूर्ण ज्वलनाचे संतुलित समीकरण काय?

उत्तरे अशी. पहिले संपृक्त, कारण सातची दुप्पट अधिक दोन म्हणजे सोळाच. दुसऱ्यात दोन हायड्रोजन कमी आहेत, म्हणून एक दुहेरी बंध किंवा एक वलय: ब्युट-१-ईन, ब्युट-२-ईन, मिथाइलप्रोपीन, सायक्लोब्युटेन आणि मिथाइलसायक्लोप्रोपेन, अशा पाच. वलयाच्या दोन रचना सुटल्या असतील तर वलयांचा भाग पुन्हा वाचा. तिसऱ्यात क्रमांक चुकीच्या टोकाकडून दिले; दुसऱ्या टोकाकडून मोजले की ब्युट-१-ईन. चौथ्यात प्रोपीनचे दोन रेणू, ऑक्सिजनचे नऊ, कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे सहा.

पुढे अल्कोहोल, आम्ल, अमाइन येतील. ती सारी याच सांगाड्यावर एखादा हायड्रोजन काढून क्रियात्मक गट बसवून तयार होतात. ऑक्सिजनला दोन बंध, नायट्रोजनला तीन आणि कार्बनला चारच. नवे नाव कितीही अवघड दिसले तरी आधी साखळी शोधा, बंध मोजा, मग उत्तर लिहा.